किती फूट

शीतलनं पुण्यातून तिकिटं काढली, हप्त्यावर,
आणि फोनवर एवढंच म्हणाला, आक्का, बॅग भर,
मुंबई ते लक्षद्वीप, चार रात्री, अकरा मजल्यांचं जहाज.
आक्का दुधाकडं बघत होती. गॅस बारीक करून म्हणाली,
मग पाणी कितव्या मजल्यापर्यंत येतंय?

सांगलीत हे विचारणं कुणाला खुळं वाटत नाही.
इथं माणूस चहाआधी आयर्विनची पातळी विचारतो,
आणि चाळीस म्हटलं
की मारुती चौकातली दुकानं काही न बोलता
खालच्या कप्प्यातला माल वर चढवतात.

वहिनीची यादी आली: गॉगल, सनस्क्रीन,
एका रात्रीसाठी सगळ्यांना पांढरे कपडे.
आक्कानं भरलं बिनलसणाचं भडंग, दोन किलो,
पाणी गाळायचं फडकं,
आणि दारामागच्या खिळ्यावरची लाल रेक्झिनची पिशवी,
जिच्यात घराचा उतारा, पासबुकं, आण्णांच्या मृत्यूचा दाखला
दोन प्लॅस्टिकांत गुंडाळून
कधीही निघायला तयार असतात.
धक्क्यावर भडंग काढून घेतलं.
पिशवी तिनं हातातून सोडली नाही.

निघायच्या आधी भोंगा झाला. सगळ्यांना डेकवर उभं केलं,
नारिंगी जाकिटं वाटली, एक मुलगी हसून हातवारे करत होती,
लोक फोटो काढत होते.
आक्काचं घालून झालं होतं.
आर्जवचं बक्कल तिनं लावलं, ओढून बघितलं,
मग शेजारच्या अनोळखी बाईंचंही.
पट्टा घट्ट घ्या, म्हणाली, नाहीतर हे वर जातंय अन् आपण खाली.

मला आमची गॅलरी दिसली. दुसरा मजला, कठड्याला लागलेली बोट,
खुर्चीसकट उतरवलेले आण्णा, मुठीत दुकानाची किल्ली.
दहा दिवसांनी गेलो तर शटर रस्त्याच्या बाजूला फुगलेलं.
वह्या. शंभर पानी, दोनशे पानी,
पाणी पिऊन गच्च बसलेल्या.
त्यानंतर आम्ही हरिपूरच्या संगमावरसुद्धा गेलो नाही.

जहाजावर आक्काची पंचाईत वेगळीच.
सूर्य बुडायच्या आत जेवायचं, आणि इथं सूर्य
बुडायचं नावच घेईना, आड यायला ना इमारत ना ऊस.
आक्का, अजून एक पुरी घ्या, वहिनी म्हणाली, वेळ आहे.
तिनं घेतली.

पाण्यावर जहाज, जहाजावर तलाव, तलावात आर्जव.
काठाला बसून तिनं टॉवेलवाल्या पोराला विचारलं, किती फूट?
मालवणचा सायमन. त्यानं फरशीवर रंगवलेला आकडा दाखवला: साडेचार.
ह्याचं नव्हं रे. खालचं.
तो हसला. पण दुसऱ्या दिवशी वरती कुणाला तरी विचारून
कागदी रुमालावर लिहून घेऊन आला:
दोन हजार शंभर मीटर.

आक्का तो रुमाल धरून बराच वेळ बसली.
सत्तावन्नाच्या पुढचे आकडे तिच्याकडं नव्हते.
मग म्हणाली, एवढं असल्यावर कुणाचं काय भिजायचं राहतंय,
आणि पाय वर घेऊन, त्या आरामखुर्चीवर,
भर दुपारी, तोंड उघडं टाकून झोपली.
शीतलनं तिचा फोटो काढला. मी पिशवी धरून बसले.

जुलैत घरपट्टीची पावती हवी होती म्हणून पिशवी उघडली.
खोलीचं प्लॅस्टिकचं कार्ड, तो रुमाल,
आणि भिजून वाळलेल्या एका वहीचं वेडंवाकडं पान.
त्यावर पेन्सिलीनं तिनं मीटरचे फूट केले होते.
हातचा एक धरायचा राहिलेला.

जिन्यातून मगदूम काकूंनी हाक मारली, आयर्विनला किती झालं गं?
एकतीस, आक्का आतून म्हणाली,
आणि दूध उतू गेलं.