चखणा

तुर्भे नाक्यावर, देशीच्या दुकानासमोर
गटाराच्या फरशीवर माझी गाडी:
उकडलेली अंडी, चणे,
चिरलेला कांदा, तिखटमिठाची डबी.
गिऱ्हाईक आधी तिथं जातं
आणि मग माझ्याकडं वळतं.
अठरा वर्षं झाली.
कुणाचा पगार झाला, कुणाचा खाडा पडला,
मला नुसत्या चालण्यावरून कळतं.

सोमवारी कुणालनं पाटी पुसली
आणि खडूनं नवा भाव लिहिला.
क्वार्टरमागं दहा रुपये.
माझं अंडंही दहाचंच.
त्या रात्री साठ उकडली होती,
एकेचाळीस परत नेली.
घरात तीन दिवस अंड्याचंच कालवण,
धाकटी म्हणाली, आई, आता वास येतो.

पिणारे तेवढेच होते.
नुसते उभ्या उभ्या, उपाशीपोटी प्यायला लागले.
कांदाबटाट्याच्या मार्केटातला जालिंदर,
दिवसभर पन्नास किलोच्या गोणी मानेवर,
येऊन माझ्या डबीतलं चिमूटभर मीठ घ्यायचा,
जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा.
मिठाचे पैसे मी कसले घेणार?

सकाळी मी पाम बीचला चौदाव्या मजल्यावर असते.
तिथं काचेचं कपाट आहे, आत दिवा लागतो.
एकेक बाटली मानेला धरून
ओल्या फडक्यानं पुसायची,
बाळाचं तोंड पुसावं तशी.
साहेबांनी पेपर खाली केला.
"काय गं लीलाबाई, दारू महागली म्हणे?
कितीनं वाढली?"
मला विचारत होते.
मी म्हटलं, दहानं.
"बरं झालं," म्हणाले. "जरा कमी पितील लोक."
वाईट मनानं नाही म्हणाले.
माणूस चांगला आहे, दिवाळीला पूर्ण पगार देतो.

आणि खोटं कशाला बोलू,
मीही म्हणाले होते एकदा, देवीपुढं ओटी भरून:
बाई, हजार रुपये कर बाटली,
म्हणजे माझा सुटेल.
देवीला माझ्या गळ्यातलं डोरलं दिसत होतं.
ती काही बोलली नाही.

शनिवारी सुमेध आला,
एमआयडीसीत प्लास्टिकचे मग ओततो,
मिशी अजून धड फुटलेली नाही.
दोस्तांनी वर्गणी काढली, चिल्लर मोजली,
सात रुपये कमी पडले.
मोजली पुन्हा. मग एकमेकांकडं बघून हसले.
"जाऊ दे मावशी, अंडीच दे."
दोन-दोन खाल्ली चौघांनी, बोटं चाटत,
आणि गेले क्रिकेटच्या गप्पा मारत.
मी त्या पाटीकडं बघितलं.
पहिल्यांदाच वाटलं, राहू दे तुझे दहा.

जालिंदर यायचा थांबला.
वाटलं, सुटली याची पण.
मीठ शिल्लक राहायला लागलं.
मग त्याची कलावती आली, पदरानं नाक दाबून.
रुळांच्या पलीकडं जातो म्हणाली, अंधारात,
तीस रुपयांना पिशवी मिळते.
पिशवीला ना चिठ्ठी, ना पाटी,
ना त्यात काय आहे याचा पत्ता.
"तुमच्याकडं यायचा तेव्हा बरं होतं ओ,"
ती म्हणाली,
आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं.

वाशीच्या दवाखान्यात त्याला बघून आले.
डोळे पिवळेधमक, पोट फुगलेलं.
डबा नेला होता; नर्स म्हणाली,
आधी डॉक्टरांना विचारा.
डॉक्टर म्हणाले, पांढरं चालेल.
मी सोलून पांढरं त्याच्या हातावर ठेवलं.
पिवळं मी खाल्लं, तिथंच, भिंतीकडं तोंड करून.
"मीठ?" त्यानं विचारलं.
मीठ बंद होतं.

हल्ली पस्तीसच उकडते.
चार बाजूला काढून ठेवते शनिवारची.
सुमेध आणि ती पोरं
दोन शनिवार आली नाहीत.
पगार उशिरा झाला असेल.
नाहीतर लागला असेल नाद दुसऱ्या कशाचा, चांगल्याचा.
मी रुळांच्या बाजूला बघत नाही.
अंडी गार होतात.
कुणाल शटर अर्धं ओढतो,
आणि पाटीवरचा खडू
येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्याला लागून
थोडा थोडा पुसला जातो.