अकरा शतांश

घड्याळ माझ्या हातात असायचं.
पहाटे पाच, महापालिकेचा तरणतलाव,
चौथ्या लेनच्या काठावर मी, शाळेच्या स्वेटरात,
आणि ताई पाण्यात,
दोन्ही हात एकदम वर काढून आपटणारी.
बटरफ्लाय म्हणतात त्याला.
मला ती धुणं धुतेय असंच वाटे.

चेंदणी कोळीवाड्यात हसले लोक.
नाखव्याची पोर, आणि फी भरून पोहायला शिकते!
पपा एवढंच म्हणाले,
खाडीत हात घातला तर काळा निघतो आता.
जाऊ दे तिला.

केस तांबूस झाले क्लोरीननं.
डोळ्यांभोवती गॉगलचे वळ,
वर्गातली मुलं घुबड म्हणायची.
उशीला, डब्याला, जीवशास्त्राच्या वहीला
त्या तलावाचा वास.

राज्य स्पर्धा, दोनशे मीटर.
अकरा शतांशांनी चौथी.
गोडांबे सर म्हणाले, नखं कापलीस होय?
वाढू द्यायची थोडी, भिंतीला आधी लागतात.
गंमत होती. ती हसली नाही.
घरी येऊन तिनं नखं कापली, पार मुळापर्यंत,
आणि बारावीची पुस्तकं काढली.

रडली का, माहीत नाही.
पोहणाऱ्यांचं कळत नाही.

आता कळव्याच्या इस्पितळात
ती लोकांना झोपवते.
नखं अजून तशीच.
एकदा विचारलं, म्हणजे नेमकं करतेस काय?
म्हणाली, पोहतात ते सर्जन.
मी काठावर बसून घड्याळ बघते.
तुझंच काम.

पपांच्या ऑपरेशनला मात्र
तिला आत घेतलं नाही; आपल्या माणसाला
आपण झोपवू नये म्हणतात.
पपा स्ट्रेचरवरून हसत होते,
पानी गार हाय का गो, बाय?
ती म्हणाली, उतरा तुम्ही, कळेल.

मग दार मिटलं.
बाकावर आम्ही दोघं, शेजारी कुणाची तरी
केळ्यांची पिशवी, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ.
खाली पाहिलं तर तिचे पाय
चपलांसकट जुळलेले,
हलत होते, वर, खाली, वर,
फरशीला न टेकता.

किती झालं रे? तिनं विचारलं,
माझ्याकडे न बघता.
आणि मला कळलं, मोबाइलवर मी केव्हाच
स्टॉपवॉच लावलं होतं.
एक तास, चार मिनिटं, म्हणालो.

शतांश सांगितले नाहीत.