गुडघ्याच्या मधोमध

अश्लेषाचं पाकीट डंडीहून आलं.
आत कापडाचे तीन तुकडे, तळहाताएवढे, आणि चिठ्ठी :
अण्णा, ह्यातला एक निवडा. ईवनच्या आईबाबांच्या
संसाराला सप्टेंबरात चाळीस वर्षं होतायत.
तिथं पुरुष किल्ट घालतात. पोशाख सेमी-फॉर्मल.

सेमी म्हणजे अर्धं, एवढं कळतं मला.
अर्ध्या बाह्या शिवल्या, अर्ध्या चड्ड्या शिवल्या,
अर्धी शिलाई उधार ठेवून
घोड्यावर पूर्ण बसलेले नवरदेव पाहिले.
पण अर्धा मान
कोणत्या टेपनं मोजायचा?

फोनवर तिनं एकेक दाखवलं.
काळं आखूड जाकीट, चांदीच्या गुंड्या, गळ्याला बो.
म्हणलं, हे नको, हे लई होतंय, आपुन काय नवरदेव हाव का.
मग खरबरीत लोकरीचं एक, शिंगाच्या गुंड्यांचं,
ओल्या मातीच्या रंगाचं. हे चालतंय.
कमरेपुढं लोंबणारी पिशवी :
एक केसाळ, शेळीच्या दाढीसारखी,
एक साध्या कातड्याची.
सत्यभामा म्हणाली, साधी घ्या, अडकित्ता बसंल.
मोज्यात सुरी पण खोचतात म्हणं.
युसुफभाई काजाची सुई दातात धरून हसला :
मास्टर, तुमे कैंची खोंस लेव.

आन् गुडघं? सत्यभामा म्हणाली,
व्याह्यांपुढं उघडे गुडघं?

माझ्या बापानं काष्टा वर ओढून
मंडी बाजारात तीस वर्षं पायमशीन मारली.
त्याचे गुडघे साऱ्या अंबाजोगाईनं पाहिलेत.
कुणाला काही झालं नाही.

किल्टची मागची बाजू दाखव, मी म्हणालो.
आठ वार कापड. सत्तावीस चुण्या, मी दोनदा मोजल्या.
आणि इतक्या चुण्या पडून चौकट मोडत नाही :
जी रेघ घडीत बुडाली
ती पुढच्या घडीवर तिथंच वर येते.
पोरी, हे कुणी बेतलंय?
मला नाव नाही माहीत, अण्णा.
जो कुणी असेल त्याला इथून रामराम.

तुकडे कटिंगच्या टेबलावर मांडले.
अंगठ्यानं चोळले. एकेक धागा ओढून काडी लावली.
केस जळाल्याचा वास. लोकर अस्सल, तिन्हींची.
लाल चौकड्याचा, तो व्याह्यांच्या कुळाचा;
ते म्हणतात, खुशाल घाला, आता आपलंच आहे.
हिरवा-निळा कुठल्याशा पलटणीचा.
तिसरा राखाडी, काळी रेघ,
कोळसा विझल्यावर दिसतो तसा.
हा कुणाचा?
कुणाचाच नाही, अण्णा. कुणीही घालावा.

आमच्याकडं कापड गिऱ्हाइकाच्या आधी बोलतं.
टोपी कशी, धोतराचा काठ कसा, सदऱ्याची कॉलर कशी,
बघून मी वहीत न विचारता आडनावं लिहिलीत
आणि चुकलो नाही.
एकदा चुकलो, त्या माणसानं
कापड उचललं, परत आलाच नाही.
हा तुकडा काहीच बोलेना.
हाच, मी म्हणालो.

मग मापं पाठवायची होती.
बेंबीवर घेर, बैठकीचा घेर,
आणि तिथून लांबी, गुडघ्याच्या मधोमध.
एकेचाळीस वर्षं लोकांच्या काखेत टेप घातला,
माझं माप कुणी घेतलं नव्हतं.
जुन्या पॅन्टवरून नवी कापायची, अशी माझी रीत.

युसुफभाई उठला. माझ्याच गळ्यातला टेप काढून घेतला.
पेट छोडो मास्टर, टेप कू झूट नै चलता.
अडतीस.
छत्तीस लिही, मी म्हणालो.
त्यानं अडतीस लिहिलं.
मग खाली बसला, गुडघे त्याचेच कडकडले,
माझी पॅन्ट दुमडली
आणि वाटीवर निळ्या खडूनं
आडवी रेघ ओढली. हिलो मत.
मी हललो नाही.
दारात कुणीतरी ब्लाऊज न्यायला आलं होतं,
तेही थांबलं.

रात्री मोरीत पाय धुताना
तेवढी जागा सोडून
पाणी घेतलं.