उजवीकडचा खांब

सालामांकात, विद्यापीठाच्या जुन्या दारासमोर
कासिल्दा लॉटरीची तिकिटं विकते.
गळ्यात पाटी, पाटीला चिमटे, चिमट्यांत उद्याची सोडत.
आणि घडीची खुर्ची, जिचा एक पाय
फरशीच्या फटीत रोवल्याखेरीज
डुगडुगायची थांबत नाही.
ती फट तिला पायानं ठाऊक आहे.

समोर दगडी भिंत. राजाराणी, ढाली, गरुड,
वेली, आणि नको तितकी तोंडं
असं लोक म्हणतात.
तिच्यापुरती ती भिंत म्हणजे
कलत्या उन्हात गालावर उलटून येणारी ऊब.

लोक येतात ते बेडूक शोधायला.
कवटीवर बसलाय म्हणे, मुठीएवढा.
कुणाला न विचारता दिसला, तर परीक्षा पास.
मग माना वर, टाचा वर,
"खाली का वर?" "सांगू नकोस!" "बरं, जरासं सांग!"
होनोरिनो गाइड छत्रीच्या टोकानं दाखवून टाकतो
आणि सगळ्यांचं नशीब नासवतो,
असं कासिल्दाचं मत. त्याच्या तोंडावर सांगितलेलं.

सापडला, की आधी आवाज येत नाही.
आधी श्वास अडतो.
मग, "अय्या, एवढासाच?"
हे "एवढासाच" तिनं सव्वीस वर्षं
जगातल्या यच्चयावत भाषांत ऐकलंय.
श्वास आणि शब्द यांच्या मधल्या फटीत
ती हाळी घालते:
"उद्याची! उद्याची! शेवटचा आकडा सात!"
धंदा कळतो तिला.

एका हिवाळ्यात भिंतीला परांची बांधली होती.
एलादिओ पाथरवट, विल्यामायोरच्या खाणीकडचा.
"आमचा दगड ओला असतो तोवर लोणी," तो म्हणायचा,
"वारा लागला की माझ्या सासऱ्यासारखा."
एका सोमवारी, चौकात चिटपाखरू नसताना,
त्यानं विचारलं, "येतेस वर?"

पाटी तिनं चेस्टनट भाजणाऱ्या फेर्मिनाकडे ठेवली.
शिड्या मोजल्या. चार.
वर वारा वेगळा होता,
आणि करकोच्यांच्या चोचींचा खटखटाट
थेट कानाशी, कुणी लाकडी पळ्या आपटाव्यात तसा.

एलादिओनं तिचा हात खांबावर ठेवला.
आधी वेल. मग काहीतरी खवलेदार.
मग कवटी, गुळगुळीत, गार.
तिच्यावर एक टेंगूळ.
"हाच?"
"हाच."
ना तोंड, ना पाय. पावसानं चाटून उरलेला.
बेडूक म्हटलं तर बेडूक,
आईनं पावाच्या पिठातून तोडलेला गोळा म्हटलं
तर तोही.
"अय्या, एवढासाच?" ती म्हणाली,
आणि दोघं इतकी हसली की फळी हलायला लागली.

हसता हसता बोट खाली घसरलं.
खोबण. शेजारी दुसरी.
तळाशी बारीक रेती, चिमूटभर.
तिनं बोट तिथंच राहू दिलं.
हळूच म्हणाली, "तूसुद्धा?"
एलादिओला घाई नव्हती.
त्यानं छिन्नी पुसली, बराच वेळ पुसली.

हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही.
फेर्मिनालासुद्धा नाही. तिला सांगितलं,
"थंडी होती वर."

आज एक मुलगी. पाठीवरची पिशवी जड,
खाली ठेवली तेव्हा फरशीनं सांगितलं.
तिसऱ्यांदा बसतेय रोमन कायद्याला.
"बाई, बेडूक कुठाय हो?"
"अभ्यास झालाय?"
"अर्धा."
"मग अर्धंच सांगते. उजवीकडे."

मुलगी हसली नाही. सरकली फक्त.
घंटा झाली. होनोरिनोची शेवटची टोळी
छत्रीमागून निघून गेली.
गालावरची ऊब आधी हनुवटीशी उतरली,
मग नाहीच.

कासिल्दानं पाटी उतरवली,
तिकिटं मोजली, रबर लावलं.
समोर अजून तो श्वास अडलेला नाही.
खुर्चीचा पाय
तिनं फटीतच राहू दिलाय.