रिकामं म्हणजे काय

आमच्या बेटावरच्या शाळेत मुलं तेरा.
बूट दाराबाहेर, पायांत लोकरीचे मोजे,
आणि पाढे दुसऱ्या शाळांपेक्षा वर्षभर उशिरा.
इमारत जुन्या दूधकेंद्राची;
हवा दमट झाली की भिंतींना अजून आंबूस वास येतो.
मी हेल्वे. रांधते. भट्टीत बर्चची लाकडं सारते.
ज्यांना फी जमत नाही ते बटाटे देतात,
एकजण धुरावलेले चपटे मासे आणतो,
आणि मारिटबाई वहीत लिहितात: फी पोचली.

सोमवारी फळ्यावर एकच प्रश्न.
शुक्रवारपर्यंत पुसायचा नाही.
खाली उत्तर कुणी लिहीत नाही.
पहिल्या वर्षी मी म्हणायचे, पैसेवाल्यांचे चोचले!
पोरांना धड नाव लिहिता येईना,
आणि विचारायचं काय, तर
सावली कुणाची, झाडाची की उन्हाची?
माझी आई म्हणायची, उपाशी पोटाला एकच प्रश्न पडतो.

टाल्लिनहून तपासनीस आले, काल्लाससाहेब.
बोटीत पोट ढवळलेलं, काखेत फायली.
त्यांनी विचारलं, सात आठे किती?
हेंड्रिकने विचार केला. फारच केला.
म्हणाला, चोपन्न.
मारिटबाईंचे कान लाल झाले.
मी सूप वाढलं. साहेबांनी दोनदा घेतलं.
अहवालात काय लिहिलं, देव जाणे.

फेब्रुवारीत समुद्र काठाशी गोठला,
तेव्हा फळ्यावर आलं:
रिकामं म्हणजे काय?
ज्याने त्याने एकेक रिकामी वस्तू आणायची.
लेलोने शिंपला आणला.
बिर्गितने आजोबांचा हातमोजा,
त्यातलं मधलं बोट रिकामं,
कारण आजोबांचं ते बोट करवतीने नेलं.
हेंड्रिकने बरणी आणली आणि वर्ग दोन दिवस भांडला,
आत हवा आहे तर रिकामी कशी.
उकुने काहीच आणलं नव्हतं.
त्याने ओंजळ पुढे केली, मग मिटून घेतली.
कुणी हसलं नाही.

मग लेलो स्वयंपाकघराच्या दारात:
हेल्वे, तुझं रिकामं काय?
मी म्हणाले, हे पातेलं. पळ.

ते पातेलं घासायला तासभर लागला.
एरवी दहा मिनिटं लागतात.

मी सात वर्षांची होते.
आमच्या शाळेत भिंतीवर तसबीर होती
आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर आधीच छापलेलं.
शाळेच्या वाटेवर एक घर,
दारं-खिडक्या फळ्या ठोकून बंद,
मागे झाडं सफरचंदांनी वाकलेली.
मी हात वर करून विचारलं,
त्या घरातली माणसं कुठे गेली?
बाईंनी छडी मारली नाही.
मारली असती तर बरं झालं असतं.
त्या उठल्या, खिडकी लावून घेतली,
आणि हळूच म्हणाल्या, तिथे घर नाही.
घरी सांगितलं तर बाबांनी चमचा खाली ठेवला.
त्यानंतर साठ वर्षं मी त्याच वाटेने येत-जात राहिले
आणि तिथे घर नव्हतं.

शुक्रवारी, फळा पुसायच्या आधी,
एप्रनला हात पुसत मी वर्गात गेले.
खुर्च्या एवढ्याशा; गुडघे हनुवटीला लागतात.
म्हणाले, एक घर होतं.
पुढचं नीट आठवत नाही.
बरंच बोलले असेन, मारिटबाई उभ्याच्या उभ्या होत्या.

हेंड्रिकने हात वर केला.
वाटलं, विचारेल, माणसांना कुणी नेलं?
त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं.
तो म्हणाला, मग सफरचंदं कोण खायचं?

भट्टीत लाकूड तडकलं.
आम्ही, मी म्हणाले.
रात्री जाऊन आणायचो.
आई मुरंबा करायची आणि
बरण्यांवर कुठलं साल ते लिहायची,
कुणाचं ते नाही.

डस्टर कुणी उचललं नाही, सोमवारीही नाही.
वाटाण्याचं सूप मात्र बुडाशी लागलं होतं.
त्या दिवशी सगळ्यांनी करपलेलंच खाल्लं,
मीसुद्धा.