एक हात

तू एकदाच बोललास.
मी रांजणात उतरलो होतो,
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या पोटात,
चेरीच्या सालीचा कुंचा घेऊन
गेल्या सालचा आंबूस वास खरवडत होतो.
वर तोंडाएवढंच आभाळ.
"मालखाझ, दगड मागे घे."
त्या रांजणात साधी शिंक घुमते.
तुझं बोलणं घुमलं नाही.

मी म्हणालो, हो.
हो म्हणायला काय लागतं?

पुराच्या साली अलाझानी पात्र सोडून आली,
सगळ्या वाड्यांच्या खुणा पुसून गेली.
शेजारच्या गोचाला जाऊन
चाळीस दिवसही झाले नव्हते.
पहाटे पहारीने सीमेचा दगड उचकटला
आणि वेलींच्या तीन ओळी पलीकडे नेऊन रोवला.
त्याच्या बायकोने, माक्वालाने, पाहिलं.
तिच्या काखेत कोंबडी होती.
दोघींनी माझ्याकडे एकाच नजरेने पाहिलं
आणि त्या आत गेल्या.

हंगाम उरकू दे, तुला म्हणालो.
मग छाटणी. मग लेवानचं लग्न.
मग माझा गुडघा.
तू ओरडला नाहीस,
आणि मी तुझ्या गप्प राहण्याला
सवलत समजलो.

हात अगदीच आखडला नव्हता मी.
त्या तीन ओळींचा रस वेगळा काढून
देवळाच्या रांजणात ओतायचो.
पाद्री म्हणाला, मालखाझसारखा दिलदार माणूस
या खोऱ्यात नाही.
ईस्टरला हातभर लांब मेणबत्ती लावायचो,
शुद्ध मेणाची.
ती सरळ जळायची. मी तिच्याकडे बघत नसे.

एकदा बाजारातल्यासारखी घासाघीसही केली:
एक ओळ देतो.
बरं, दीड.
तू भाव सांगितलाच नाहीस.

यंदा घड असे लागलेत
की वेलींना टेकू पुरत नाहीत.
सगळ्यात काळे, सगळ्यात जड
त्याच तीन ओळींत.
आणि पंधरा तारखेला बँकेचा हप्ता.
लेवान म्हणाला, दहाच दिवस, बाबा.
तोडणी होऊ दे, मग खुशाल दे.
शहाणा मुलगा आहे. माझ्याच तोंडचं बोलत होता,
अगदी माझ्याच आवाजात,
आणि घास माझ्या घशात अडकला.

नाही असं तुला मी कधीच म्हणालो नव्हतो.
उद्या म्हणालो होतो.
बारा वर्षं.

पानावरून तसाच उठलो, पहार घेतली.
दगड सुटेना. मुळ्यांनी त्याला धरलं होतं,
त्याला तरी काय ठाऊक तो कुठला.
पाठीत कळ गेली. अंधारलं.
मग बाजूला कंदील दिसला.
माक्वाला उभी होती, म्हातारी झालेली.
एक शब्द नाही. नुसता उजेड धरून.

तीन ओळी ओलांडून मी दगड टेकवला.
माती लोटली. कपाळ पुसलं.
म्हटलं, झालं.

ती म्हणाली,
"गोचाने इथे नव्हता रोवला.
अजून एक हात पलीकडे."

एक हात.
त्यात वेल नाही, घड नाही,
फक्त गवत.
तेवढंसुद्धा मी ठेवून घेत होतो,
आणि मला कळलंही नव्हतं.

पुन्हा वाकलो.

हप्त्याचं कसं होईल, ठाऊक नाही.
लेवान ओसरीवर पाठ करून बसलाय.
पलीकडे कंदील आत गेला.
हाताला मातीचा वास आहे,
तो आज धुणार नाही.
पंधरा तारीख
तू बघ.