फॅफ

हडर्सफील्डमधल्या माझ्या पहिल्याच आठवड्यात
डोरीन म्हणाली, "फॅफ करू नकोस गं, राहू दे तसंच."
मी तिच्या स्वेटरचं बटण
तिसऱ्यांदा चुकीच्या काजात घालत होते.

रात्री फोनवर गडहिंग्लजच्या मावशीला विचारलं.
ती म्हणाली, टंगळमंगळ.
नाही, त्यात आळस आहे.
घोळ? त्यात नुकसान.
उठाठेव? ती दुसऱ्याच्या दारात.
फॅफ म्हणजे हात चालू, काम जागेवर;
किल्ली पर्समध्ये, पर्स खांद्यावर
आणि आपण सोफा उचलून बघतोय.
नवरा जिवंत होता तेव्हा त्याच्या बार्बेक्यूला
डोरीन म्हणायची 'फॅफी'.
सार्डिनच्या डब्यालासुद्धा.
आणि मला, लाडात आली की.

आज तिला केअर होममध्ये न्यायचंय.
खाली टॅक्सीनं दोनदा हॉर्न दिला.
डोरीन चष्मा शोधतेय, कपाळावरच आहे.
मी सांगत नाही.
धुतलेला कप पुन्हा विसळतेय, पुसतेय,
फडताळात ठेवतेय,
कान भिंतीकडे.
नको, खिडकीकडे.

परत हॉर्न.
तिनं एक हातमोजा घातला, काढला,
उलटा करून बघितला.

तो शब्द आज
कुणीच कुणाला म्हणत नाही.